लहान मुलांमधील घोरणे

लहान मुलांमधील घोरणे म्हणजे झोपेत वरचा श्वासमार्ग अरुंद झाल्यामुळे टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि घशाच्या भिंती कंप पावून उत्पन्न होणारा आवाज होय. सर्दी-पडशात चार-दोन रात्री मूल घोरले तर त्यात काळजीचे सहसा काही नसते. मात्र सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री मूल मोठ्याने घोरत असेल, तर ते झोपेतील श्वासाच्या विकाराचे लक्षण असू शकते. विविध देशांतील पाहण्यांमध्ये साधारणतः ३ ते १२ टक्के मुले नियमितपणे घोरत असल्याचे आढळते, तर १ ते ५ टक्के मुलांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा विकार आढळतो. २ ते ८ वर्षे या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते.

घोरणारे मूल गाढ झोपले आहे, अशी समजूत समाजात रूढ आहे. वस्तुस्थिती अनेकदा याच्या उलट असते. श्वासासाठी रात्रभर चाललेल्या धडपडीमुळे अशा मुलाची झोप वारंवार मोडते, आणि त्याचे परिणाम दिवसा वर्गात व घरात दिसतात.

स्वरूप आणि प्रकार

केवळ आवाज होतो, पण श्वास अडत नाही, रक्तातील प्राणवायू कमी होत नाही आणि झोपही मोडत नाही, अशा स्थितीला प्राथमिक घोरणे म्हणतात. श्वासमार्ग अंशतः किंवा पूर्णतः पुन्हा पुन्हा बंद होत असेल, तर त्यास अवरोधी निद्राश्वासरोध म्हणतात. व्यवहारात तो ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने अधिक परिचित आहे. या दोहोंच्या मध्ये अनेक पायऱ्या असून केवळ आवाजाच्या तीव्रतेवरून त्यांतील भेद ठरवता येत नाही. हळू घोरणाऱ्या मुलाचा श्वास अडत असू शकतो आणि मोठ्याने घोरणाऱ्याचा अडत नसू शकतो.

प्रौढांचे निकष मुलांना लागू पडत नाहीत. श्वास तासाभरात किती वेळा अडतो किंवा उथळ होतो, त्या संख्येवर विकाराची तीव्रता ठरवली जाते. प्रौढांमध्ये तासाला ५ पर्यंतची संख्या सामान्य मानतात. मुलांमध्ये १ हून अधिक संख्याच असामान्य समजली जाते. मुलांच्या बाबतीत १ ते ५ ही सौम्य, ५ ते १० ही मध्यम आणि १० पेक्षा अधिक ही तीव्र अवस्था होय.

कारणे

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड या ग्रंथींची वाढ. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंस असतात व तोंड उघडल्यावर दिसतात. ॲडिनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वर असल्यामुळे बाहेरून दिसत नाही. या दोन्ही ग्रंथी रोगप्रतिकारक यंत्रणेचा भाग आहेत. बालवाडीच्या वयात श्वासमार्गाच्या मानाने त्या मोठ्या असतात आणि किशोरवयाकडे जाताना आक्रसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, आणि आधीच अरुंद असलेली वाट अधिक चिंचोळी होते.

इतर कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• ॲलर्जीमुळे नाक सतत चोंदणे. अशी मुले तळहाताने नाकाचा शेंडा वर चोळताना दिसतात.
• स्थूलता. शहरांबरोबर ग्रामीण भागातही हे कारण आता दुर्लक्षणीय राहिलेले नाही.
• लहान किंवा मागे सरलेला जबडा, अरुंद टाळू, दुभंगलेला टाळू यांसारख्या जन्मजात रचना.
• डाउन सिंड्रोम. या मुलांमध्ये विकाराचे प्रमाण इतके अधिक आहे, की अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा प्रत्येक मुलाची निद्राचाचणी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत करावी, असे सुचवते.
• स्नायूंचे व मज्जासंस्थेचे विकार.
• घरातील तंबाखूचा वा चुलीचा धूर.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर चिंचोका, मणी, वाटाणा अशी एखादी वस्तू मुलाने नाकात घातली असल्याची शक्यता तपासावी लागते. ती वस्तू घड्याळातील किंवा खेळण्यातील गोल चपटी बॅटरी असेल, तर काही तासांतच आतील भागाला गंभीर इजा होते. तान्ह्या बाळाचा श्वास आत घेतानाचा कर्कश आवाज हे घोरणे नव्हे. तो बहुधा स्वरयंत्राच्या मऊपणामुळे येतो आणि त्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

लक्षणे

रात्रीची लक्षणे : घोरता घोरता मध्येच शांतता पसरणे व त्यानंतर धाप किंवा हुंदका दिल्यासारखा श्वास, तोंड उघडे ठेवून झोपणे, मान मागे टाकून किंवा उंच उशी घेऊन झोपणे, श्वास घेताना बरगड्यांमधील व गळ्याखालील भाग आत ओढला जाणे, अतिशय घाम, अंथरुणात सतत कूस बदलणे, आणि लघवीवर ताबा आलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करू लागणे.

दिवसाची लक्षणे : सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे असणे, उठताना चिडचिड, नाकातून बोलल्यासारखा आवाज, सावकाश जेवणे व घास गिळण्यास त्रास. दीर्घकाळ तोंडाने श्वास घेणाऱ्या काही मुलांचा चेहरा लांबट होतो, वरचे दात पुढे येतात आणि टाळू उंच व अरुंद बनतो.

प्रौढ व्यक्तीची झोप अपुरी झाली तर ती पेंगते. लहान मूल मात्र पेंगण्याऐवजी अधिकच अस्वस्थ आणि चंचल होते. यामुळेच या विकाराची ओळख पटण्यास उशीर होतो.

परिणाम

झोप वारंवार मोडल्याने आणि प्राणवायूची पातळी खालावल्याने मुलाचे अवधान, स्मरण व भावनांवरील ताबा यांवर परिणाम होतो. एका जागी न बसणे, सूचना अर्धवट ऐकणे, क्षुल्लक कारणावरून रडणे किंवा मारामारी करणे ही वर्तने वर्गात ‘द्वाड’, ‘आळशी’ किंवा ‘ढ’ या शिक्क्यांना कारणीभूत ठरतात. काही मुलांचे निदान अतिचंचलतेचा विकार म्हणून केले जाते. त्यामुळे अशा मुलाच्या मूल्यमापनात त्याच्या झोपेची चौकशी होणे आवश्यक मानले जाते. वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येण्याचीही शक्यता असते. अशा वेळी मूल शिक्षकांकडे दुर्लक्ष करत नसते. त्याला ऐकूच आलेले नसते.

वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. विकार तीव्र असलेल्या काही मुलांची उंची व वजन यामुळे मागे पडते. दीर्घकाळ उपचार न झालेल्या तीव्र विकारात रक्तदाब वाढणे आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणे हे परिणाम संभवतात.

निदान

निदानाची सुरुवात पालकांच्या निरीक्षणापासून होते. दवाखान्यात मूल जागे असते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचा रात्रीचा श्वास दिसत नाही. मूल गाढ झोपल्यावर छाती व चेहरा दिसेल अशा बेताने भ्रमणध्वनीवर घेतलेले काही मिनिटांचे चित्रण तपासणीस साहाय्यभूत ठरते. चित्रण करताना अंगावरील पांघरूण बाजूला केलेले असावे आणि श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू यावा.

कान-नाक-घसा तज्ज्ञ टॉन्सिलचा आकार पाहतात. ॲडिनॉइडसाठी नाकातून बारीक दुर्बीण घालतात किंवा मानेचे बाजूने क्ष-किरण छायाचित्र घेतात. मात्र टॉन्सिलच्या आकारावरून विकाराची तीव्रता निश्चितपणे सांगता येत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेली २२ प्रश्नांची बालनिद्रा प्रश्नावली जगभर प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाते. तिच्यातील एकतृतीयांश किंवा अधिक प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आल्यास पुढील तपासणी सुचवली जाते.

निर्णायक चाचणी म्हणजे रात्रभराची निद्राचाचणी. तीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यांची एकत्र नोंद होते. मुलांसाठी ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच उपलब्ध असते. ती नसेल तेथे बोटाला लावलेल्या संवेदकाने रात्रभर प्राणवायूची नोंद घेतात. ही नोंद बिघडलेली आढळल्यास निदानास बळकटी मिळते. ती सामान्य आली तरी विकार नाहीच, असे म्हणता येत नाही.

उपचार

निरीक्षण व औषधे. सौम्य विकारात काही महिने लक्ष ठेवून वाट पाहणे हा मान्य पर्याय आहे. मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे स्टिरॉइडचा नाकातील फवारा यांनी ॲडिनॉइडची सूज व ॲलर्जी कमी होऊ शकते. माँटेलुकास्ट हे औषधही काही मुलांना दिले जाते. परंतु त्यामुळे चिडचिड, दुःस्वप्ने व मनःस्थितीतील बदल उद्भवू शकत असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

शस्त्रक्रिया. मध्यम व तीव्र विकारात टॉन्सिल व ॲडिनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. ग्रंथी काढल्याने मुलाची प्रतिकारशक्ती कायमची खालावते, ही भीती अनाठायी आहे. शरीरातील इतर लसिका ग्रंथी ते कार्य करतात. अमेरिकेत ५ ते ९ वर्षे वयाच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७९ टक्के मुलांची निद्राचाचणी सामान्य झाली. केवळ निरीक्षणाखाली असलेल्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. वर्तन व जीवनमान यांतही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारणा दिसली. अवधानाच्या औपचारिक चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया उपयुक्त आहे, पण प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला ती तातडीने लागतेच असे नाही, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे घसा दुखतो. पाणी व मऊ अन्न पोटात जात राहणे महत्त्वाचे असते. रक्तस्राव पहिल्या २४ तासांत किंवा खपली सुटताना, म्हणजे साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास होऊ शकतो. त्यामुळे रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाने या काळात वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवणे इष्ट ठरते. तीन वर्षांखालील, स्थूल किंवा तीव्र विकार असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात. कोडीन हे वेदनाशामक अशा मुलांना देऊ नये. काही मुलांमध्ये त्याने श्वास मंदावतो.

इतर उपचार. शस्त्रक्रियेनंतरही विकार उरल्यास किंवा शस्त्रक्रिया शक्य नसल्यास मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र वापरतात. स्थूल मुलांमध्ये वजन आटोक्यात आणणे, तर अरुंद टाळू असलेल्यांत दंतवैद्याकडून टाळू रुंदावण्याचे उपकरण बसवणे उपयोगी ठरते.

घरगुती उपाय आणि त्यांच्या मर्यादा

महाराष्ट्रात सर्दी व चोंदलेल्या नाकावर ओव्याची पुरचुंडी, वेखंडाचा लेप, धुरी, कापूर, वाफ असे उपाय परंपरेने केले जातात. यांपैकी कोणताही उपाय वाढलेल्या ग्रंथी लहान करत नाही. काही उपाय मात्र अपायकारक ठरू शकतात.

• कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये आणि कोणत्याही वयात नाकपुडीत घालू नये.
• नाकात तेल किंवा तूप सोडल्यास ते फुप्फुसात उतरून तेथे दाह निर्माण होऊ शकतो. तान्ह्या बाळांत हा धोका अधिक असतो.
• बाळ-बाळंतिणीला धुरी देण्याने कोवळ्या श्वासमार्गाची सूज वाढते.
• उकळत्या पाण्याची वाफ घेताना भांडे कलंडून मुले भाजतात.
• एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये.
• नाक मोकळे करणारे औषधी थेंब अनेक दिवस वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रीन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. मूल शांत झोपावे म्हणून गुंगी आणणारे औषध देणे घोरणाऱ्या मुलाच्या बाबतीत विशेष धोक्याचे असते.

कुशीवर झोपवल्याने काही मोठ्या मुलांचे घोरणे कमी होते. एक वर्षाखालील बाळाला मात्र उताणेच झोपवावे आणि त्याच्या अंथरुणात उशी ठेवू नये.

झोपेची गरज व सवयी

अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार २४ तासांतील झोप, दुपारच्या डुलकीसह, पुढीलप्रमाणे असावी : ४ ते १२ महिने – १२ ते १६ तास, १ ते २ वर्षे – ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षे – १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षे – ९ ते १२ तास.

झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ, मंद प्रकाश, निजण्यापूर्वी तासभर दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद असणे आणि रात्रीचे जेवण वेळेवर होणे या सवयींनी झोपेचा दर्जा सुधारतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, तर २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची मर्यादा पाळावी. चांगल्या सवयींनी अडलेला श्वास मोकळा होत नाही. परंतु घोरण्याबरोबर अपुरी झोप असेल, तर दोहोंचे परिणाम एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्हींकडे लक्ष देणे आवश्यक असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत हवा वर्षभर दमट असते. जून ते सप्टेंबर या काळात जांभ्या दगडाच्या भिंतींना ओल येते, कपाटे व कपडे यांवर बुरशी धरते आणि गाद्या, गोधड्या, उशा यांना ऊन मिळत नाही. दमट अंथरुणात धूळकिड्यांची वाढ होते. बुरशी आणि धूळकिडे ही नाकाच्या ॲलर्जीची प्रमुख कारणे आहेत.

स्वयंपाकासाठी गॅस आला तरी अनेक घरांत अंघोळीचे पाणी लाकूडफाटा किंवा नारळाच्या झावळ्या व सोडणे जाळून तापवले जाते. पावसाळ्यात कपडे चुलीच्या उबेवर वाळवण्याची पद्धतही आढळते. त्यात डासांसाठी रात्रभर लावलेल्या अगरबत्तीच्या धुराची भर पडते. चूल झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवणे, अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरणे, पावसाची उघडीप मिळताच अंथरुणे उन्हात घालणे आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे हे उपाय या परिस्थितीत परिणामकारक आणि अल्पखर्चाचे आहेत.

कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांच्या हंगामात गावोगावी दशावतारी नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. गणेशोत्सवातील भजनेही रात्र जागवतात. लहान मुले या परंपरेत वडीलधाऱ्यांबरोबर सहभागी होतात. अशी एखाददुसरी जागरणे निरोगी मूल दुपारच्या झोपेने भरून काढते. मात्र मुलाचा दिवसाचा पेंग केवळ जागरणामुळे आहे असे गृहीत धरले, तर मूळ विकार नजरेआड होतो. जागरण नसलेल्या आठवड्यातही तेच चित्र दिसत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते.

जिल्ह्यात ओरोस येथे जिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर कणकवली व सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. अधिक गुंतागुंतीच्या उपचारांसाठी येथील रुग्ण गोव्यातील बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कोल्हापूरला जातात. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

शालेय आरोग्य आणि शासकीय धोरण

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. घोरणे हा विकार तपासणीच्या मूळ यादीत स्वतंत्रपणे नाही. मात्र कानाचा दाह, श्रवणदोष, अध्ययन-अक्षमता व अतिचंचलता यांचा समावेश असल्याने, शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकेने मुलाचे उघडे तोंड, वर्गातील पेंग व पालकांनी सांगितलेले घोरणे पथकाच्या नजरेस आणून दिल्यास पुढील तपासणीची वाट सुकर होते.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश दिले. दोन सत्रांत चालणाऱ्या शहरी शाळांना याचा थेट फटका बसला आणि शालेय बसचालकांनीही अडचणी मांडल्या. ग्रामीण भागातील जिल्हा परिषद शाळा एरवी साधारणतः साडेदहाच्या सुमारास भरत असल्याने तेथे हा प्रश्न मुख्यतः उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेपुरता राहतो.

इतिहास

आयुर्वेदात आहार व ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे. सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांत ‘तुण्डिकेरी’चे वर्णन असून आजचे वैद्य त्याचा संबंध टॉन्सिलच्या सुजेशी जोडतात.

कोपनहेगन येथील वैद्य विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये नाकामागील ॲडिनॉइडच्या वाढीचे आणि त्यामुळे येणाऱ्या बहिरेपणाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८९ मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हिल यांनी शाळेत मागे पडणाऱ्या काही मुलांच्या मंदपणाचे मूळ नाक-घशातील अडथळ्यात असल्याचे मांडले. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांच्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथातही अशा मुलांची रात्रीची धडपड व दिवसाची मंदता नोंदवलेली आहे. त्यानंतर हा विषय दीर्घकाळ मागे पडला. १९७६ मध्ये क्रिस्तियन गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्राचाचणीच्या आधारे आठ मुलांमधील विकाराचे वर्णन केले, आणि बालनिद्राविकारांच्या आधुनिक अभ्यासास चालना मिळाली.

तातडीने वैद्यकीय मदत आवश्यक असणारी लक्षणे

• ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर पडणे.
• झोपेत श्वास थांबलेला दिसणे आणि मूल सहज जागे न होणे.
• जागेपणीही श्वास घेताना छाती आत ओढली जाणे.
• तोंडातून लाळ गळणे, गिळता न येणे व तीव्र ताप.
• टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडातून ताजे रक्त येणे, रक्ताची उलटी होणे किंवा मूल झोपेत वारंवार आवंढे गिळताना दिसणे. शेवटचे लक्षण घशात रक्त उतरत असल्याचे सूचक असू शकते.